‘हिमकडा कोसळला’ म्हणजे नेमके काय झाले?

4 ऑक्टोबर 2022 रोजी उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेची तुकडी ‘द्रौपदी का डांडा-2’ या शिखरावर हिमस्खलनात सापडली. 27 मृतदेह हाती लागले, दोघांचा शोध लागला नाही. अशी दुर्घटना घडली की मराठी बातम्यांत एक ठरलेला शब्दप्रयोग हमखास भेटतो : ‘हिमकडा कोसळला’. आमचा आक्षेप या शब्दप्रयोगाला आहे. प्रश्न केवळ भाषेचा असता तर सोडून देता आला असता. पण या शब्दांनी मनात उभे राहणारे चित्र माणसाला चुकीच्या दिशेला पाहायला लावते.

कडा कोसळतो तो वरून. धायरी फाट्यावरून रविवारी सिंहगडाची वाट धरणाऱ्या मुलांना हे चित्र परिचयाचे आहे. पावसाळ्यात तिथला घाटरस्ता दरडींमुळे अनेकदा बंद ठेवावा लागला आहे. सह्याद्रीत वर पाहून चालण्याची सवय म्हणूनच योग्य. बर्फातही क्वचित असे घडते. 3 फेब्रुवारी 2016 रोजी सियाचिनमध्ये बर्फाची प्रचंड भिंतच तुटून लष्कराच्या चौकीवर आली. तिथे ‘हिमकडा कोसळला’ हे वर्णन बरोबर होते.

परंतु गिर्यारोहकांचे बळी घेणारी बहुतेक हिमस्खलने अशी नसतात. वाऱ्याने दाबून बसवलेला ताज्या हिमाचा थर शहाबादी फरशीसारखा सलग असतो. त्याच्या खाली ठिसूळ, भुसभुशीत थर असेल तर फरशी जणू गोट्यांवर टेकलेली असते. माणसाचे वजन पडले की खालचा थर एका ठिकाणी चिरडतो, ही मोड क्षणार्धात दूरवर पसरते आणि सगळी फरशी माणसासकट घसरते. युरोप-अमेरिकेतील नोंदींनुसार अशा प्राणघातक हिमस्खलनांपैकी सुमारे 90 टक्के वेळा ते सुरू करणारा स्वतः बळी पडलेला माणूस किंवा त्याचा सोबती असतो. म्हणजे धोका डोक्यावर नसून पायाखाली असतो! ‘काळाने घाला घातला’ हे वाक्य ही गोष्ट पूर्णपणे झाकून टाकते.

दुसरा गैरसमज हंगामाच्या आरंभाविषयीचा. ‘आता कुठे बर्फ पडू लागला आहे, थोड्या बर्फात धोकाही थोडा’ हा तर्क सरळ दिसतो, पण तो फसवा आहे. बर्फाखालची जमीन साधारण 0 अंश सेल्सिअसला असते. वरची हवा उणे 15 अंश आणि थर 50 सेंटिमीटरचा असेल, तर दर मीटरला तापमानातील फरक 30 अंश होतो. थर 3 मीटरचा असेल तर तोच फरक 5 अंश. हा फरक दर मीटरला सुमारे 10 अंशांहून अधिक झाला की थरातील बाष्प वेगाने वर सरकते आणि मूळचे हिमकण साखरेसारखे कोरडे, सुटे दाणे बनतात. हे दाणे एकमेकांना धरत नाहीत. म्हणजे थराचा पातळपणाच त्याला कमकुवत करतो. सावलीतल्या, उत्तरेकडच्या उतारांवर असा थर टिकून राहतो आणि पुढच्या हिमवृष्टीची फरशी त्यावर बसते.

आरोळीने हिमस्खलन होते, ही समजूतही चित्रपटांनी पोसलेली. मानवी आवाजाचा दाब त्यासाठी फारच अपुरा पडतो. उलट बर्फातून येणारा ‘धप्प’ असा आवाज ऐकायला शिकले पाहिजे. खालचा थर बसल्याची ती खूण असते. पावलापासून पळत जाणारी भेग, शेजारच्या उतारावरचे ताजे स्खलन, नुकतीच झालेली भरपूर हिमवृष्टी किंवा जोराचा वारा, याही तशाच खुणा. अशा वेळी 30 ते 45 अंशांचे उतार टाळावेत. उतार ओलांडावाच लागला तर एकेकाने ओलांडावा, बाकीच्यांनी सुरक्षित जागेवरून लक्ष ठेवावे. प्रत्येकाजवळ ट्रान्सीव्हर, शोधकाठी आणि फावडे असावे. गाडलेल्यांपैकी पहिल्या 10 मिनिटांत बाहेर काढलेले दहातले नऊ जगतात. अर्ध्या तासानंतर हे प्रमाण एक तृतीयांशाहून खाली येते. बाहेरची मदत इतक्या लवकर पोचत नाही.

हे वर्गात दाखवणे अवघड नाही. पाटावर गोणपाट ताणून बसवा, त्यावर पिठाचा थर दाबून पसरा. पाटाची एक बाजू सावकाश उचला आणि पीठ कोणत्या कोनाला सुटते ते कोनमापकाने मोजा. मग पिठाखाली साखरेचा पातळ थर देऊन पुन्हा मोजा. दोन्ही आकडे मुलांनी स्वतः फळ्यावर लिहावेत.

‘हिमस्खलन’ हा शब्द जड वाटतो, पण तो खरे बोलतो. स्खलन म्हणजे घसरणे. त्याच्या जोडीला ‘हिमफरशी घसरली’ असे म्हटले तर काय घसरले तेही कळेल. आज सिंहगड चढणारी मुले उद्या हिमालयात जाणार आहेत. वर पाहण्याची सवय त्यांना सह्याद्रीने लावली आहे. पायाखाली पाहण्याची सवय शाळेने लावावी.