वीरस्त्रीची प्रतिमा आणि तिचे कर्तृत्व

जबलपूरजवळ भेडाघाट येथे नर्मदाकाठच्या टेकडीवर दहाव्या शतकाच्या सुमारास उभारलेले चौसष्ट योगिनींचे वर्तुळाकार देवालय आहे. त्याच्या ओवरीत बसलेल्या अनेक मूर्तींच्या पीठांवर योगिनीचे नाव कोरलेले असून तिचे वाहनही तेथेच दाखविलेले आहे. मूर्ती आता भंगलेल्या आहेत. नाव वाचता येते, वाहन ओळखता येते. हात मात्र बहुधा तुटलेले आढळतात. वीरस्त्रियांविषयीच्या आपल्या साहित्याची अवस्था याहून फारशी निराळी नाही. तिचे नाव राहते, तिचा घोडा राहतो. ज्या हातांनी तिने काम केले ते हात वर्णनातून नाहीसे होतात.

या परिसराशी निगडित असलेले सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे सुभद्राकुमारी चौहान यांची झाशीच्या राणीवरील कविता. विवाहानंतर जबलपूर ही सुभद्राकुमारींची कर्मभूमी झाली. १९२३ च्या झेंडा सत्याग्रहात त्यांनी कारावास पत्करला आणि १९३० साली ‘मुकुल’ हा त्यांचा संग्रह प्रसिद्ध झाला. बुंदेलखंडातील हरबोल्यांच्या तोंडून ऐकलेली कथा, अशी भूमिका घेऊन ही कविता लोकगीताची लय स्वीकारते. स्त्रिया घराबाहेर पडून तुरुंगात जाऊ लागल्या त्या काळात या कवितेने त्यांना एक पूर्वज मिळवून दिली, हे तिचे ऐतिहासिक कार्य होय. तथापि तिच्यातील राणीचा गौरव ‘मर्दानी’ या विशेषणावर उभा आहे, ही गोष्ट समीक्षेने दृष्टिआड करू नये. स्त्रीचे शौर्य सांगण्यासाठी तिला पुरुष ठरविणे म्हणजे शौर्य हा पुरुषाचाच धर्म असल्याचे मान्य करणे होय. अशा गौरवातून एक स्त्री उंच होते आणि बाकीच्या सर्व स्त्रिया होत्या तेथेच राहतात.

याच राणीचे दुसरे चित्र मराठीत आहे. विष्णुभट गोडसे हे पेण तालुक्यातील वरसईचे भिक्षुक. १८५७ साली ते द्रव्यार्जनासाठी उत्तरेत गेले आणि बंडाच्या धामधुमीत सापडले. त्यांचा ‘माझा प्रवास’ चिंतामणराव वैद्य यांनी १९०७ साली प्रसिद्ध केला. वैद्यांनी त्यात केलेले फेरफार बाजूला सारून मूळ संहिता दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली वाचकांपुढे ठेवली. गोडसे कवी नव्हते, हेच त्यांच्या लेखनाचे बळ आहे. राणीची अश्वपरीक्षा ते सांगतात. दिसावयास सारखेच दोन घोडे विक्रीला आले असता राणीने दोन्हींवर बसून फेरी मारली आणि एकाला उत्तम ठरवून दुसऱ्याची किंमत अगदी क्षुल्लक केली, कारण त्याच्या छातीला मार बसलेला होता. येथे घोडा हा चित्रातील अलंकार राहत नाही. तो ज्ञानाचा विषय होतो. झाशी सोडल्यानंतर काल्पीच्या वाटेवर विहिरीपाशी भेटलेली, पुरुषवेषातील, धुळीने माखलेली, तहानलेली राणीही गोडशांनीच आपणांस दिली. विद्वान ब्राह्मणाने आपल्यासाठी पाणी काढू नये म्हणून ती मडके स्वतःच्या हाती घेते. या प्रसंगात तलवार नाही आणि जयघोषही नाही. परंतु राणीचे हात येथे पूर्णपणे दिसतात.

प्रतिमा आणि कर्तृत्व यांमधील हे अंतर केवळ भारतीय साहित्यात आहे असे नव्हे. अमेरिकेच्या पश्चिम भागातील घोडेस्वार स्त्रियांच्या बाबतीतही तेच घडले. मार्था कॅनरी ही ‘कॅलॅमिटी जेन’ या नावाने १८७७ पासून स्वस्त कादंबऱ्यांची नायिका झाली. १८९६ साली तिच्या नावावर निघालेल्या आत्मकथनपर पुस्तिकेतही दंतकथेचाच भरणा अधिक होता. याउलट एलिनोर प्रुइट स्ट्यूअर्ट हिची १९१४ साली पुस्तकरूपाने आलेली पत्रे पाहावीत. कुटुंबप्रमुख असलेल्या स्त्रीला १८६२ च्या कायद्याने सरकारी जमिनीवर हक्क सांगता येत असे. त्या हक्काने वायोमिंगमध्ये जमीन घेतलेली ही स्त्री मालकाला गडी मिळेना तेव्हा स्वतःच गवत कापावयास निघते. मुलगी असताना शिकलेली ही विद्या इतके दिवस तिने लपवून ठेवलेली असते. ही पत्रे वाचणाऱ्याला पश्चिमेची वसाहत कशी उभी राहिली हे कळते. कॅलॅमिटी जेनच्या कथांतून फक्त करमणूक होते.

म्हणून पुन्हा भेडाघाटाकडे वळणे उपयुक्त ठरेल. येथे सापडलेला कलचुरी राणी अल्हणदेवी हिचा शिलालेख कलचुरी संवत ९०७ चा, म्हणजे इ. स. ११५५ चा आहे. फिट्झएडवर्ड हॉल या अमेरिकन संस्कृतज्ञाने एकोणिसाव्या शतकात तो प्रकाशात आणला, वा. वि. मिराशींच्या १९५५ च्या कलचुरी-लेखसंग्रहात त्याचा समावेश आहे. गयाकर्णाची ही विधवा, मेवाडच्या गुहिल कुळातील कन्या. शशिधराने रचलेल्या या प्रशस्तीचा बराच भाग रूढीप्रमाणे राजांच्या वंशवर्णनात आणि पराक्रमात खर्ची पडतो. पण त्यानंतर राणीच्या कामाची नोंद येते: शिवाचे देवालय, मठ, व्याख्यानशाळा, उद्याने, आणि त्यांच्या योगक्षेमासाठी दोन गावे. काव्य म्हणून ही प्रशस्ती सांकेतिक असेल, परंतु तिच्या या भागात राणीला ‘मर्दानी’ म्हणण्याची गरज कवीला भासली नाही. तिने काय केले एवढे सांगणेच त्याला पुरेसे वाटले.

सुभद्राकुमारींनाही ही दृष्टी अपरिचित नव्हती. ‘बिखरे मोती’ (१९३२) मधील त्यांच्या कथा साध्या गृहिणींची कोंडी अलंकारावाचून मांडतात. कवितेचा गौरव करताना या कथा विसरल्या गेल्या, हा दोष लेखिकेपेक्षा वाचकांचा आणि समीक्षकांचा अधिक आहे. पराक्रमी स्त्रियांचा वारसा जपावयाचा तर त्यांची स्तोत्रे वाढवून भागणार नाही. त्यांचे कसब, त्यांचे निर्णय आणि त्यांचे श्रम ज्या लेखनात नोंदले गेले ते शोधून, संपादून आणि वाचून ठेवले पाहिजे. पोतदारांनी गोडशांसाठी केले ते काम याच जातीचे होते. ते पुष्कळ शिल्लक आहे.