रोहनची हद्द

कल्पित राज्य उभे करणे कादंबरीकाराला फारसे अवघड नसते. एक राजवाडा, एक वृद्ध राजा, त्याच्या कानाला लागलेला एक कपटी कारभारी आणि वेशीबाहेर घोर अरण्य, एवढ्या भांडवलावर पुष्कळ मजल मारता येते. आपल्याकडे हळब्यांच्या 'मुक्तामाले'ने (१८६१) आणि रिसबुडांच्या 'मंजुघोषे'ने (१८६८) असाच संसार थाटला आणि वाचकांनी तो आवडीने पाहिला. पण त्या राज्यांची हद्द कुठवर, आणि हद्दीपलीकडच्या माणसाचे म्हणणे काय, हे विचारावे असे ती पुस्तके वाचताना मनातही येत नाही. माझ्या मते कल्पित राज्य खरे वाटू लागते ते नेमके या प्रश्नापाशी.

जे. आर. आर. टोल्किन यांच्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' (१९५४–५५) या तीन भागांच्या कादंबरीतले रोहन हे राज्य घ्या. (माझ्या वर्गात दोन रोहन आहेत, त्यांचा याच्याशी काही संबंध नाही. टोल्किन यांनी स्वतः रचलेल्या एका भाषेत या नावाचा अर्थ घोड्यांचा देश.) वरवर पाहता सरंजाम तोच: म्हातारा राजा थेओडेन, लाघवी जिभेचा सल्लागार, सोनेरी छपराचा दरबार, गवताळ माळ आणि शूर घोडेस्वार. परंतु हे लोक आपल्या देशाला रोहन म्हणत नाहीत. ते नाव शेजारच्या गोंडोरचे. ते स्वतः म्हणतात 'मार्क'. टोल्किन ऑक्सफर्डला प्राचीन इंग्रजीचे प्राध्यापक होते, आणि त्या भाषेत या शब्दाच्या मूळ रूपाचा अर्थ सीमा असा होतो. देशाचे नावच सरहद्द!

हा देश त्यांनी जिंकलेला नाही, त्यांना तो दान मिळाला. कथेतल्या तिसऱ्या युगाच्या २५१० या वर्षी उत्तरेचा एओर्ल गोंडोरच्या साहाय्याला धावून आला, आणि गोंडोरच्या कारभाऱ्याने त्याला ही भूमी तोडून दिली. लेखकाच्या मृत्यूनंतर १९८० साली निघालेल्या 'अनफिनिश्ड टेल्स'मध्ये तिच्या चतुःसीमा अगदी तलाठ्याच्या काटेकोरपणे दिल्या आहेत: पश्चिमेला आयसेन नदी, दक्षिणेला श्वेत पर्वत, उत्तरेला लिमलाइट. हे स्वार ग्रंथ लिहीत नाहीत, गाणी गातात. तेव्हा दस्तऐवज कुठला? एका डोंगरमाथ्यावर, जुन्या राजाच्या समाधीपाशी शपथा झाल्या. या राज्यात देऊळ नाही, पुजारी नाही, उपासनेचा मागमूस नाही. मात्र ही जमीन त्यांना मिळाली त्या दिवशी दात्याने सर्व सिंहासनांच्या वर असलेल्या त्या एकाला साक्षी ठेवले. आपल्या ताम्रपटांतल्या 'आचंद्रार्क' या शब्दाची मला येथे आठवण झाली. इतर वेळी देव न आठवणाऱ्यांना जमिनीच्या व्यवहारात तो आठवतो, हे टोल्किन यांना पक्के ठाऊक होते.

चालीरीतींच्या वर्णनात त्यांचा हात अधिक मोकळा चालतो. राजधानीच्या वाटेवर मृत राजांच्या मातीच्या टेकड्या आहेत, एका बाजूला सात, दुसऱ्या बाजूला नऊ, आणि त्यांवर बारमास फुलणारी पांढरी फुले. राजाला मूठमाती दिल्यावर स्वार गात गात त्या टेकडीला फेरी घालतात. हा विधी सरळ 'बेओवुल्फ' या प्राचीन काव्यातून आला आहे. पण नुसत्या उसनवारीने राज्य जिवंत होत नाही. रीत जिवंत होते ती कुणाला तरी तिच्या आड जावे लागते तेव्हा. राजाच्या परवानगीवाचून परक्याने मार्कमध्ये फिरू नये, असा कायदा आहे. राजाचा भाचा एओमर तीन परक्यांना शब्दावर सोडतो, वर घोडेही देतो, आणि पुढे कैदेत पडतो. दरबारात शस्त्र नेऊ नये, असा दंडक. द्वारपाल हामा गँडाल्फ या वृद्धाच्या हातची काठी क्षणभर न्याहाळतो आणि तिच्यासह त्याला आत सोडतो. ती जादूगाराची काठी आहे, हे हामाला कळत नाही असे थोडेच आहे! हा द्वारपाल मला या राज्यातल्या कित्येक सरदारांहून मोठा वाटतो.

आता हद्दीपलीकडे पाहू. पश्चिमेच्या डोंगरांत डनलंडचे लोक राहतात. हेल्म्स डीपच्या गढीवर रात्री हल्ला होतो, त्यात तेही असतात. त्यांच्या आरोळ्यांचा अर्थ गॅमलिंग नावाचा एक म्हातारा शिपाई सांगतो, आणि सांगता सांगता बोलून जातो की गोंडोरने ही भूमी आमच्या पूर्वजाला दिली, हे दुःख ती माणसे पाचशे वर्षांत विसरलेली नाहीत. म्हणजे दान दिलेल्या जमिनीवर आणखी कुणाचा तरी डोळा, कदाचित हक्कही होता! एवढे एक वाक्य, तेही ऐन लढाईच्या गर्दीत. पण त्याने सगळ्या राज्याचा रंग पालटतो. माझी तक्रार आहे ती येथे. हे गाऱ्हाणे त्या डोंगरी लोकांपैकी एकाच्या तोंडून, त्याच्या नावानिशी का येऊ नये? लढाईनंतर त्यांना जीवदान मिळते, पुन्हा शस्त्र घेऊन नदी ओलांडणार नाही अशी शपथ घेववली जाते, आणि ते थक्क होतात. कारण हे स्वार कैद्यांना जिवंत जाळतात असे त्यांना सांगण्यात आले होते. त्या थक्क होण्यापलीकडे आपल्याला त्यांचे मन दिसत नाही.

ही उणीव तिसऱ्या भागात थोडी भरून निघते. वेढ्यात सापडलेल्या गोंडोरच्या मदतीला सैन्य निघालेले असताना द्रुआदनच्या रानातला ठेंगणा वनवासी, घान-बुरी-घान, थेओडेनला जुनी विसरलेली वाट दाखवतो. मोबदल्यात तो सोने मागत नाही. आम्हांला जनावरांसारखे हाकून मारू नका, एवढेच मागतो. ज्या स्वारांच्या गाण्यांनी आपण इतका वेळ भारावलो होतो, त्यांची ही रीत त्यांच्या एकाही गाण्यात नाही. ती शिकारीकडूनच कळायची होती.

थेओडेन रणात पडतो. त्याचे शव रोहनला नेताना मिरवणूक त्याच रानाच्या कडेने जाते, आणि नवा राजा अरागॉर्न दवंडी पिटवतो: हे रान घानचे आणि त्याच्या लोकांचे, कायमचे, त्यांच्या परवानगीवाचून कुणी आत पाऊल टाकू नये. एओमरच्या तोंडून आपण ऐकलेला मार्कचाच तो कायदा. रानातून ढोल वाजतात आणि थांबतात.