सुभद्रेची झोप

गर्भसंस्कारावरची पुस्तकं आपण चाळली, तर एक गोष्ट हमखास भेटते. कृष्ण चक्रव्यूह सांगत होता, सुभद्रेला झोप लागली आणि पोटातल्या अभिमन्यूला बाहेर पडायची वाट कळलीच नाही. आपण सगळे हे ऐकतच मोठे झालो. पण द्रोणपर्वात अभिमन्यू स्वतः सांगतो, की आत शिरण्याची युक्ती मला वडिलांनी शिकवली, बाहेर पडण्याची येत नाही. सुभद्रेच्या झोपेचा तिथे उल्लेखच नाही.

ही झोप मागाहून आली, आणि येताना आरोप घेऊन आली. जयद्रथानं वाट अडवली, महारथींनी एकट्या पोराला घेरलं. ते सगळे सुटले आणि दोष लागला कुणाला, तर डोळा लागलेल्या गरोदर बाईला!

आता या पुस्तकांचं सगळंच खोटं, असं आपण म्हणत नाही. गरोदरपणात नैराश्य असलं, तर अपुऱ्या दिवसांचं किंवा कमी वजनाचं बाळ होण्याचा धोका काहीसा वाढतो, असं अनेक अभ्यासांत दिसलंय. आपला आक्षेप पुढच्या वाक्याला आहे: 'म्हणून ताई, तुम्ही सतत आनंदी राहा.' नैराश्य हा आजार आहे. तो हुकमानं जात नाही. उलट उदास वाटलं की बाई ते लपवते आणि वर बाळाचं वाईट केल्याची भीती बाळगते.

मग जातो कशानं? पाकिस्तानच्या ग्रामीण भागातला, २००८ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास बघा. तिथे गावच्याच आरोग्यसेविकांना थोडं प्रशिक्षण दिलं. त्या नैराश्य असलेल्या गरोदर बायकांच्या घरी जाऊन बोलत, घरच्यांनाही सोबत घेत. बाळंतपणानंतर सहा महिन्यांनी या गटात २३ टक्के बायकांना नैराश्य होतं, दुसऱ्या गटात ५३ टक्के. बाळांच्या वजन-उंचीत फरक पडला नाही, हेही सांगायला हवं. पण जुलाब कमी झाले, लसीकरण जास्त झालं.

म्हणजे उपाय आहे, पण तो एकट्या आईच्या हातात नाही. या पुस्तकांत तिच्यासाठी पानंच्या पानं आहेत. नवऱ्यानं, सासूनं काय करायचं, याची किती? पुढच्या वेळी पुस्तक हातात आलं की एवढं मोजून बघू. आणि सुभद्रेला झोप आली, तर तिला झोपू देऊ.