नाव न घातलेली भांडी

दिल्लीत साकेतला एका मॉलच्या आवारात किरण नाडर म्युझियम ऑफ आर्ट आहे. तिथे शिल्पकार सुबोध गुप्ता यांचं 'लाइन ऑफ कंट्रोल' पाहायला मिळतं. पातेली, डबे, बादल्या, तवे आणि चिमटे रचून केलेला हा ढग अणुस्फोटानंतर उठतो तसा छत्रीसारखा फुललेला आहे. उंची सुमारे १० मीटर, वजन साधारण २६ टन. २००८ मध्ये घडवलेलं हे शिल्प पुढच्या वर्षी लंडनच्या टेट ब्रिटनमधल्या त्रैवार्षिक प्रदर्शनात गाजलं. खरेदीला आलेली माणसं त्याच्यापुढे उभी राहून फोटो काढतात. फोटोत लखलखाट छान येतो, पण अणुयुद्धाची भीती काही येत नाही. बघणाऱ्यांना बोल लावून उपयोग नाही, कारण शिल्पच आधी डोळे दिपवतं.

माझी तक्रार त्या लखलखाटाबद्दल आहे. ही भांडी कोरी करकरीत दिसतात. कुठे पोचा नाही, बुडाला काजळी नाही, कडेला कुणाचं नाव नाही. आपल्याकडे लग्नात आलेल्या पिंपापासून पाणी प्यायच्या फुलपात्रापर्यंत सगळ्यांवर नाव घालून घ्यायची पद्धत होती: कोणी, कोणाला, कोणत्या तारखेला दिलं ते ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं. जे आहेरात आलं नाही ते बोहारणीकडून आलं, तेही दोन जुन्या साड्या आणि तासभर घासाघीस यांच्या बदल्यात. म्हणजे घरातल्या प्रत्येक भांड्याचा काही ना काही हिशेब असे. रोजच्या वापरातल्या वस्तूंपासून शिल्प करणाऱ्यांचं खरं भांडवल हा हिशेबच आहे, असं मला वाटतं. तो पुसून टाकला की उरतो तो फक्त धातू, आणि धातू काय, कुणालाही विकत मिळतो.

गुप्तांना हे ठाऊक नव्हतं असं मुळीच नाही. १९६४ मध्ये पाटण्याजवळच्या खगौलला, रेल्वेत नोकरी करणाऱ्या कुटुंबात त्यांचा जन्म झाला. पाटण्याच्या कला महाविद्यालयात ते चित्रकला शिकले, नाटकात कामं केली आणि मग दिल्लीला आले. १९९६ च्या '२९ मॉर्निंग्ज'मध्ये त्यांनी २९ लाकडी पाट मांडले. पाट म्हणजे जमिनीपासून चार बोटं वर केलेली बसायची जागा. पंगत, पूजा, लग्न सगळं त्याच्यावरच. पुढच्याच वर्षी मोदीनगरला 'खोज' या कलावंतांच्या संस्थेच्या कार्यशाळेत त्यांनी गोवऱ्या रचून एक गोल खोली उभारली आणि तिला नाव दिलं 'माय मदर अँड मी'. आत शिरणाऱ्याला वास यायचा आणि त्या वासाबरोबर ज्याची त्याची आठवण. इथे वस्तूला काही वेगळं बनवण्याची गरजच पडली नाही. गोवरी गोवरीच राहिली आणि तरीही शिल्प झाली. हे अवघड काम त्यांनी तिशीच्या आसपास केलं. पुढे जास्त पैसा आणि जास्त जागा हाताशी असताना त्याच्या तोडीचं फारसं काही झालं नाही.

नंतर ओतकाम सुरू झालं. दुधाच्या किटल्या लटकवलेल्या सायकली ब्राँझमध्ये आल्या, आखातातून परतणाऱ्यांचं दोरीने बांधलेलं सामान धातूत आलं, आंबेसुद्धा ब्राँझचे झाले. दुधवाल्याची सायकल ब्राँझमध्ये पाहताना मला कायम अडखळायला होतं. ती पुतळ्याच्या जातीत जाऊन बसली, मान मोठा मिळाला, पण चाक फिरायचं थांबलं. फ्रेंच कलावंत मार्सेल द्यूशाँने १९१३ मध्ये सायकलचं चाक स्टुलावर चढवलं तेव्हा ते फिरत होतं, हे सहज आठवलं म्हणून सांगतो. द्यूशाँला मात्र अशी वस्तू हवी होती जिच्याबद्दल आवडही वाटू नये आणि नावडही. आपल्याकडे अशी वस्तू शोधायची कुठे? चप्पल शिवून घ्यायची, मिक्सर दुरुस्त करायचा, रद्दी तोलून द्यायची आणि तरीही जे उरलं ते भंगारवाल्याला. इतक्या हातांतून गेलेल्या वस्तूकडे तटस्थपणे पाहणं इथल्या कलावंताला परवडत नाही.

२००६ मध्ये पॅरिसच्या एका चर्चमध्ये गुप्तांनी भांड्यांची भलीमोठी कवटी मांडली, 'व्हेरी हंग्री गॉड'. फ्रेंच उद्योगपती फ्रांस्वा पिनो यांनी ती घेतली आणि २००७ मध्ये व्हेनिसला, मोठ्या कालव्याच्या काठी, आपल्या पलाझो ग्रासीसमोर ठेवली. ब्रिटिश कलावंत डेमियन हर्स्टच्या नावावरून गुप्तांना 'दिल्लीचा डेमियन हर्स्ट' म्हणण्याची टूम त्याच काळातली. त्याच वर्षी, व्हेनिसमध्येच, पलाझो फोर्तुनीच्या दर्शनी भिंतीवर एल अनात्सुई यांचं काम टांगलेलं होतं. घानात जन्मलेल्या आणि नायजेरियातल्या न्सुक्का इथे शिकवत राहिलेल्या या शिल्पकाराने दारूच्या बाटल्यांची हजारो बुचं चेपून, तांब्याच्या तारेने एकमेकांत ओवून धातूची लफ्फेदार वस्त्रं तयार केली. जवळ गेलं की बुचांवरची दारूच्या कंपन्यांची नावं वाचता येतात. आफ्रिकेत दारू कुठून आली, कशाच्या बदल्यात आली, त्या व्यापारात माणसं कशी विकली गेली, याचा सगळा इतिहास त्या नावांमागे उभा असतो. झगमगाट दोन्ही कामांत होता. पण अनात्सुईंचा झगमगाट जवळ गेल्यावर वाचता येतो आणि गुप्तांच्या कवटीजवळ गेल्यावर आपलंच वेडंवाकडं प्रतिबिंब दिसतं.

आपल्याकडे हे वाचता येणं सर्वांत नेटाने जपलं ते शीला गौडा यांनी. कर्नाटकातल्या भद्रावतीच्या गौडांनी १९९० च्या दशकात, मुंबईच्या दंगलींनंतर, शेण हाताळायला सुरुवात केली. २००६ च्या 'डार्करूम'मध्ये त्यांनी डांबराची पिंपं घेतली. रस्ते बांधणारे मजूर ती कापून, सपाट करून झोपड्यांना वापरतात. गौडांनी त्यांच्याच पद्धतीने एक गडद वास्तू रचली. आत वाकून, जवळजवळ रांगत जावं लागतं आणि वर पाहिलं की छतातल्या बारीक भोकांतून उजेडाचे ठिपके दिसतात. २००९ च्या व्हेनिस बिएनालेत मांडलेल्या 'बिहोल्ड'मध्ये मानवी केसांची सुमारे ४००० मीटर दोरी आहे आणि तिच्या गुंत्यात गाड्यांचे वीस बंपर लोंबकळतात. दक्षिणेत दृष्ट लागू नये म्हणून बंपरला केसांची दोरी बांधतात, आपण लिंबू-मिरची बांधतो तशी. देवाला वाहिलेल्या केसांतले लांब केस टोपांसाठी परदेशी जातात आणि आखूड केसांची अशी दोरी वळली जाते. नवस, निर्यात आणि अपघाताची भीती, तिन्ही गोष्टी एका दोरीत. गौडांनी त्यात स्वतःचं असं फार थोडं घातलं, आणि म्हणूनच ते काम टिकतं.

मुंबईत हेमा उपाध्याय यांनी २००६ च्या 'ड्रीम अ विश, विश अ ड्रीम'मध्ये पत्रे, गाड्यांचं भंगार आणि ताडपत्रीचे तुकडे वापरून धारावीसारखी वस्ती जमिनीवर पसरली. मोडीतलंच सामान मोडीतल्या घरांसाठी, हे योग्यच. पण आपण ती वस्ती विमानातून पाहावी तशी वरून पाहतो, आणि वरून सगळीच दाटी नक्षीदार दिसते. विवान सुंदरम यांनी 'ट्रॅश'मध्ये दिल्लीच्या कचऱ्याचं शहर रचलं तेव्हा हाच धोका होता. मात्र '१२ बेड वॉर्ड'मध्ये त्यांनी अंधाऱ्या खोलीत लोखंडी खाटा मांडल्या आणि गादीच्या जागी जुन्या चपला-बुटांचे तळ ओवले, तेव्हा वरून पाहण्याची सोय राहिली नाही. झिजलेल्या टाचांवर कुणाला झोपवायचं, एवढंच मनात येतं. सुदर्शन शेट्टी फुटक्या चिनीमातीच्या भांड्यांचा हरवलेला भाग जुन्या लाकडाने भरून काढतात. तो जोड लपवलेला नसतो, आणि मला तो फार आवडतो.

या सगळ्याची सरकारी आवृत्ती आता गावोगाव आली आहे. २०१९ मध्ये दिल्लीत सराय काले खाँजवळ महापालिकेने दीडशे टन भंगारातून जगातल्या सात आश्चर्यांच्या प्रतिकृती उभारल्या. आपल्याकडच्या चौकांतही नटबोल्टांचे वाघ आणि स्पार्कप्लगचे मोर दिसू लागले आहेत. कारागिरी चांगली असते. वेल्डिंगचं कौतुक करावंच. पण आयफेल टॉवर ओळखू आला की त्यातला गिअर कोणत्या ट्रकचा, हे विचारायला कुणी थांबत नाही. रस्तेनिरीक्षक असलेल्या नेकचंद यांनी चंडीगढला १९५० च्या दशकाअखेरीस चोरून सुरू केलेल्या बागेत हीच सामग्री होती: फुटक्या बांगड्या, कपबश्या, विजेचे सॉकेट. नवं शहर वसवताना जी गावं पाडली त्यांचं किडूकमिडूक तिथे बाहुल्यांच्या अंगावर आलं. त्या बागेला कुणाचीही परवानगी नव्हती, नकाशा नव्हता, उद्घाटनाची तारीखही ठरलेली नव्हती.

गुप्तांकडे परत यायचं तर २०१७ च्या बासेलच्या कला-मेळ्याबद्दल बोलायला हवं. तिथे त्यांनी वापरलेली ॲल्युमिनियमची भांडी दोऱ्यांनी लटकवून एक खोली केली आणि तिच्यात स्वतः स्वयंपाक करून लोकांना वाढलं. 'कुकिंग द वर्ल्ड'. इथे भांड्यांना पोचे आहेत, बुडं काळवंडलेली आहेत, कड झिजलेली आहे. वीस वर्षांपूर्वीच्या गोवऱ्यांच्या खोलीची याद येते. अडचण अशी की जेवण यजमानाच्या हातचं आहे आणि यजमान जगप्रसिद्ध आहे. ताटापुढे बसलेल्या पाहुण्याचं लक्ष त्याच्यावर खिळतं. भिंतीतलं पातेलं आधी कुणाच्या चुलीवर होतं आणि ते कशासाठी मोडीत घातलं गेलं, याचा माग मात्र त्या खोलीत कुठेच लागत नाही.