‘जो’ : रूपसाम्य आणि व्युत्पत्ती

उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या पट्ट्यात मराठी आणि सिंधी यांचा शेजार फाळणीनंतरचा आहे. कल्याणच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासित वसले व १९४९ मध्ये त्या वसाहतीस उल्हासनगर हे नाव मिळाले. येथे शब्दसंग्रह करणाऱ्या अभ्यासकास ‘जो’ हा शब्द हटकून फसवितो.

मराठी ‘जो’ हे संबंधी सर्वनाम होय. त्याचे मूळ संस्कृत ‘यः’. हिंदी ‘जो’ त्याच कुळातील. परंतु मराठीतील ‘जो, जी, जे’ हा लिंगभेद हिंदीत उरलेला नाही. सिंधीतही संबंधी ‘जो’ आहे. मात्र तेथे षष्ठीचा आणखी एक ‘जो’ आढळतो. ‘राम जो घरु’ म्हणजे रामाचे घर. ‘मोहेंजोदडो’ या नावातील ‘जो’ हाच. तो आपल्या ‘चा’प्रमाणे पुढील नामाच्या लिंगानुसार बदलतो : ‘राम जी भेण’.

‘जो, जी’ अशी रूपे दोहोंकडे जुळल्यामुळे हे शब्द एकच मानण्याचा मोह होतो. तो टाळला पाहिजे. षष्ठीच्या ‘जो’ची व्युत्पत्ती वादग्रस्त असली, तरी त्याचे कार्य निःसंशय वेगळे आहे. म्हणून एकाकी शब्द टिपून भागत नाही. वाक्यच टिपले पाहिजे. कानाला पटलेले साम्य हा व्युत्पत्तीचा पुरावा नव्हे.