हीथक्लिफचा रंग

एमिली ब्राँटेच्या 'वुदरिंग हाइट्स'मधला (१८४७) हीथक्लिफ मूळचा कुठला, हे कादंबरीत कुणालाच ठाऊक नाही. घरधनी अर्नशॉ त्याला लिव्हरपूलच्या रस्त्यावरून उचलून आणतो. शेजारच्या लिंटनला तो कुठल्याशा जहाजावरचा लस्कर वाटतो, तर हीथक्लिफची समजूत काढताना घरातली दासी नेली म्हणते की तुझा बाप चीनचा बादशहा असेल आणि आई हिंदुस्थानची राणी. गोष्ट अठराव्या शतकातली आहे आणि तेव्हाचं लिव्हरपूल म्हणजे गुलामांच्या व्यापाराचं मोठं बंदर. अर्नशॉ गेल्यावर या सावळ्या पोराचं शिकणं बंद होतं, त्याला गड्यांबरोबर राबायला लावलं जातं आणि पुढचा सगळा सूड त्या अपमानातूनच उभा राहतो. तरीही १९३९मध्ये लॉरेन्स ऑलिव्हिए आणि १९९२मध्ये रेफ फाइन्स, म्हणजे पडद्यावरचा हीथक्लिफ गोराच राहिला. त्याचा अपमान विरहात विरून गेला.

अँड्रिया अर्नॉल्डने २०११च्या आपल्या चित्रपटात सॉलोमन ग्लेव्ह आणि जेम्स हाउसन या दोन कृष्णवर्णीय नटांना ही भूमिका दिली. तिची चौकट जवळजवळ चौकोनी आहे, संवाद मोजके आहेत आणि कॅमेरा सतत त्या पोराच्या अंगाला लागून चालतो. त्याच्या पाठीवर मारहाणीच्या जखमा आहेत आणि अर्नशॉची मुलगी कॅथी त्यांना जीभ लावते. या एका प्रसंगात प्रेम आणि मालकी एकमेकांपासून वेगळी काढता येत नाहीत. माझ्या मते या कादंबरीचं इतकं इमानी रूपांतर दुसरं नाही.

एमराल्ड फेनेलच्या २०२६च्या चित्रपटात मात्र हीथक्लिफ पुन्हा गोरा आहे, जेकब एलोर्डी. लिंटनचा मुलगा एडगर याच्या भूमिकेत पाकिस्तानी वंशाचा शझाद लतीफ आणि नेलीच्या भूमिकेत व्हिएतनामी वंशाची हाँग चाउ. नटांची यादी वाचली तर वैविध्याची कमतरता नाही. पण ज्याच्या रंगावर कथा उभी आहे त्याचाच रंग काढून तो श्रीमंत शेजाऱ्याला दिला, तर वैविध्य वाढलं असं कसं म्हणायचं?

यात काय गमावलं जातं, हे आपल्याला समजावून सांगावं लागू नये. सत्यजित राय यांनी १९८१मध्ये प्रेमचंदांच्या 'सद्गती'वर दूरदर्शनसाठी चित्रपट केला. ओम पुरींनी साकारलेल्या दलित दुखीची जात वगळून त्याला नुसता गरीब मजूर केलं असतं, तर लाकडाचा ओंडका फोडता फोडता त्याचं मरणं हा एक अपघात ठरला असता. मोहन आगाशेंचा पंडित त्या प्रेताला हात न लावता पायात फास अडकवून ते ओढत नेतो, त्या दृश्याला तर काही अर्थच राहिला नसता.

रंग विसरून केलेल्या पात्रनिवडीला माझा विरोध नाही. डिकन्सच्या कादंबरीवरच्या आर्मांडो इयानुचीच्या २०१९च्या 'डेव्हिड कॉपरफील्ड'मध्ये देव पटेल डेव्हिड आहे, बेनेडिक्ट वाँग विकफील्ड आहे आणि त्याची मुलगी अ‍ॅग्नेस कृष्णवर्णीय रोझलिंड एलियाझर आहे. बाप-लेकीचे चेहरे जुळत नाहीत याकडे पाच मिनिटांत आपलं लक्षही जात नाही. डेव्हिडच्या हालांचं कारण त्याचा रंग नाही, म्हणून तिथे तो खुशाल विसरता येतो. डिकन्सच्या भूमिका ज्यांच्या वाट्याला कधी आल्या नसत्या अशा नटांना त्या मिळाल्या, हा लाभही थोडा नाही.

याच्या उलट टोकाला पॅट्रिशिया रोझेमाचा 'मॅन्सफील्ड पार्क' (१९९९) आहे. जेन ऑस्टिनच्या कादंबरीत सर थॉमस बर्ट्रमची अँटिग्वात मालमत्ता आहे, पण गुलामांच्या व्यापाराचा उल्लेख एकदाच ओझरता येतो आणि त्यावर सगळे गप्प बसतात. रोझेमा त्या गप्प बसण्यात शिरते. बर्ट्रमच्या घरी राहायला निघालेली लहानगी नायिका फॅनी वाटेत किनाऱ्याजवळ उभं गुलामांचं जहाज पाहते. पुढे सर थॉमसच्या थोरल्या मुलाची, टॉमची, चित्रांची वही तिच्या हाती लागते आणि त्यात अँटिग्वातल्या गुलामांवरचे अत्याचार पानोपान रेखाटलेले असतात. हॅरल्ड पिंटरचा सर थॉमस वही हिसकावतो आणि मुलालाच वेडा ठरवतो. त्या हवेलीतली चांदीची भांडी आणि नाचाच्या मैफली कुणाच्या घामावर चालल्या आहेत, हे इथे पहिल्यांदा उघड झालं. ते गुलाम माणूस म्हणून मात्र पडद्यावर आलेच नाहीत, कागदावरच्या रेघांतच राहिले. या धाडसी चित्रपटाची ही उणीव मला आजही सलते, आणि ती भरून काढणारं ऑस्टिनचं रूपांतर मी अजून पाहिलेलं नाही.