ब्लँडिंग्जच्या वाड्यातील तोतया

तोतया हा शब्द उच्चारला की मराठी मनात उभे राहणारे पहिले चित्र हसण्याचे नसते. १७६१ साली पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. त्यांच्या मृत्यूविषयी लोकांच्या मनात संशय राहिला आणि त्या संशयाचा आधार घेऊन एक मनुष्य ‘मीच भाऊ’ म्हणत पुढे आला. १७७६ साली त्याला देहान्ताची शिक्षा झाली. न. चिं. केळकरांनी ‘तोतयाचे बंड’ या नाटकात हे प्रकरण रंगभूमीवर आणले. त्यातील राजकारण आज आपण विसरलो तरी पार्वतीबाईंना विसरू शकत नाही. पती परत येईल या आशेवर जगणाऱ्या स्त्रीच्या दारात कोणी तरी पतीचे नाव लावून उभे राहावे, यापेक्षा क्रूर थट्टा ती कोणती?

हे स्मरण आज होण्यास एक क्षुल्लक प्रसंग कारण झाला. आमच्या गावच्या वाचनालयात इंग्रजी पुस्तकांची निवड चालू असताना आम्ही पी. जी. वुडहाउस याची ‘लीव्ह इट टू प्स्मिथ’ ही १९२३ सालची कादंबरी सुचवली. एका ज्येष्ठ शिक्षकमित्रांनी तीस हरकत घेतली. “हेडमास्तर,” ते म्हणाले, “खोटे नाव घेऊन परक्याच्या घरी राहणारा, हार चोरायला निघालेला मनुष्य शेवटी नोकरी आणि नवरी घेऊन मोकळा होतो. हे पुस्तक तुम्ही आपल्या हाताने मुलांना द्याल का?” बैठकीत आम्हांला समर्पक उत्तर सुचले नाही. ‘विनोदी पुस्तक आहे, इतके मनावर घेऊ नये,’ असे काहीसे आम्ही बोललो. आमचे मित्र मात्र पुस्तक मनावर घेत होते, आणि त्या दृष्टीने आमच्यापेक्षा तेच त्याचे अधिक चांगले वाचक ठरत होते. घरी येऊन आम्ही कादंबरी पुन्हा वाचली. त्या वाचनातून जे हाती लागले ते येथे मांडत आहोत.

प्रथम कथा. श्रॉपशर परगण्यातील ब्लँडिंग्ज या वाड्याचे धनी लॉर्ड एम्सवर्थ हे फुलांखेरीज दुसरे काही न जाणणारे, विसराळू वृद्ध गृहस्थ. घरात राज्य चालते ते त्यांची बहीण लेडी कॉन्स्टन्स हिचे. तिचे पती जोसेफ कीबल यांना आपल्या सावत्र मुलीला तीन हजार पौंड द्यावयाचे आहेत, पण बायकोच्या संमतीवाचून पैसा हलत नाही. तेव्हा बायकोचाच वीस हजार पौंडांचा हिऱ्यांचा हार चोरवावा, तिला नवा म्हणून तोच हार नव्या कोंदणात बसवून द्यावा आणि त्या निमित्ताने निघालेला पैसा मुलीकडे पोहोचवावा, असा बेत ठरतो. या बेताचा जनक एम्सवर्थचा धाकटा चिरंजीव फ्रेडी. त्यालाही स्वतःसाठी एक हजार पौंड हवे आहेत. इकडे लंडनमध्ये मासळीच्या धंद्याला विटलेला प्स्मिथ वर्तमानपत्रात जाहिरात देतो की, आपण कोणतेही काम पत्करू, गुन्ह्याचेही चालेल, फक्त मासळीशी संबंध नको. पुढे तो वाड्यात शिरतो तो रॉल्स्टन मॅक्‌टॉड या कॅनेडियन कवीच्या नावाने. ग्रंथालयाची सूची करण्यासाठी तेथे येणारी ईव्ह हॅलिडे, संशयी चिटणीस बॅक्स्टर, कवयित्रीचे सोंग घेतलेली मिस पीव्ही आणि तिचा जुना साथीदार कूट्स, ही बाकीची मुख्य पात्रे. साऱ्या गुंतागुंतीचे सूत कसे उकलते ते वाचकांनी मूळ पुस्तकातच पाहावे. तेथे लेखकाचे कसब घड्याळजीचे आहे. अमेरिकन साप्ताहिकातून कथा क्रमशः आली तेव्हा तिचा शेवट निराळा होता, तो पुस्तकाच्या वेळी त्याने पुन्हा लिहून काढला. इतक्या हलक्या दिसणाऱ्या लेखनामागे किती घासणेपुसणे असते याची ही एक खूण.

नायकाच्या नावाविषयी दोन शब्द बोलणे भाग आहे. त्याच्या नावातील पहिले अक्षर लिहावयाचे, पण उच्चारावयाचे नाही. स्मिथ फार झाले म्हणून ते त्याने स्वतःच जोडून घेतले आहे. हे मराठीत आणावे कसे? आपली देवनागरी प्रामाणिक लिपी आहे. लिहिलेले ती बोलते. ‘स्मिथ’ लिहावे तर गंमत गेली, ‘प्स्मिथ’ लिहावे तर वाचक बिचारा ओठ मिटून ते उच्चारू पाहणार. आम्ही दुसरा मार्ग पत्करला आहे, वाचकांनी मनातल्या मनात तो ‘प्’ गिळावा. पण यात केवळ चेष्टा नाही. ज्याच्या स्वतःच्या नावातच डोळ्यांना दिसणारे आणि कानांना न सापडणारे एक सोंग आहे, त्याने दुसऱ्याचे नाव घेणे हे त्याच्या स्वभावाला धरूनच झाले.

आता मूळ प्रश्न. या माणसाने फसवले कोणाला? मॅक्‌टॉडला भेटण्यासाठी लॉर्ड एम्सवर्थ लंडनच्या क्लबात येतात. चष्मा घरी राहिलेला. समोरच्या पाहुण्याशी ते एकसारखे फुलांविषयी बोलतात आणि मध्येच रस्त्यापलीकडच्या फुलांच्या दुकानाकडे निघून जातात. अपमानित कवी रागावून चालता होतो. परत आल्यावर त्या जागेच्या आसपास जो दिसला त्यालाच एम्सवर्थ कवी समजतात, आणि तो असतो प्स्मिथ. म्हणजे सोंगाचा आरंभ यजमानाने केला. ज्याला खरा पाहुणा दिसला नाही त्याला खोटा तरी कसा दिसावा? वाड्यावरही तेच. मॅक्‌टॉडच्या एका दुर्बोध ओळीचा अर्थ प्स्मिथला विचारला जातो, जो त्याला स्वतःलाच लागलेला नाही. (नवकाव्याच्या वाचकांना ही अडचण अपरिचित नसावी.) तरीही त्याचे कवीपण निभावते, कारण लेडी कॉन्स्टन्सला कविता नको, घरात कवी असल्याची शोभा हवी आहे. खोटे नाणे चालते ते बाजारात खरे नाणे पारखणारा नसतो म्हणून.

पारखणारा एकच आहे, तो बॅक्स्टर. आणि लेखकाने हास्याचा सर्वांत मोठा घाव त्याच्यावरच घातला आहे. हार नाहीसा झालेल्या रात्री चाहूल लागून तो खाली येतो, बाहेर पडतो आणि दार आतून बंद होते. लिंबू रंगाच्या पायजम्यात, थंडीत, हा कार्यक्षम गृहस्थ अंगणात अडकतो. मग त्याला सुचते की हार फुलांच्या कुंड्यांत दडवलेला असावा. हे अनुमान बरोबर आहे हे ध्यानात ठेवावे. हार ईव्हने खरोखरच एका कुंडीत ठेवला होता. पण तो कुंड्या उपसून पाहतो तोवर ती कुंडी तेथून हललेली असते. शेवटी आत घ्यावे म्हणून तो रिकाम्या कुंड्या एकामागून एक धन्याच्या खिडकीत भिरकावतो. झोपेतून उठलेल्या एम्सवर्थला मातीत माखलेला, कुंड्या फेकणारा चिटणीस दिसतो आणि ते एकच निष्कर्ष काढतात, की याला वेड लागले. नोकरी गेली. आमच्या मित्रांचा आक्षेप खरा जोरात यावयाला हवा तो येथे. चोराला पकडू पाहणारा इमानी नोकर घालवला गेला आणि त्याची जागा तोतयाला मिळाली! हा न्याय कसला?

या प्रसंगावर आम्ही बराच विचार केला. मुख्याध्यापकाच्या खुर्चीवर बरीच वर्षे काढल्यामुळे बॅक्स्टरविषयी आम्हांला थोडी सहानुभूतीही आहे. त्याचे म्हणणे बहुधा खरे असते. पण वाड्यातील प्रत्येक मनुष्य त्याच्या लेखी आरोपी आहे. एका मोलकरणीच्या जागी त्याने गुप्त हेर स्त्री आणून बसवली आहे. म्हणजे सोंगे हुडकण्यासाठी त्यानेही एक सोंगच घरात शिरवले. तो सत्य शोधतो ते कोणाच्या भल्यासाठी शोधतो, याचे उत्तर कादंबरीत सापडत नाही. शाळेत असे शिक्षक आम्ही पाहिले आहेत, की ज्यांची मुलांच्या खोड्या पकडण्याची हातोटी विलक्षण आणि मुले मात्र त्यांच्यापासून चार हात दूर. त्यांच्याविषयी मुले जे हसतात त्यात सत्याची अवहेलना नसते.

आता ईव्ह. पाऊस लागल्याने एका कनातीखाली थांबलेली ही मुलगी प्स्मिथ क्लबाच्या खिडकीतून पाहतो, आणि तिला छत्री नेऊन देतो. छत्री अर्थात दुसऱ्या सभासदाची! परधनावर केलेले हे पहिले औदार्य. ती ब्लँडिंग्जला जाणार हे कळल्यावर त्याचा तेथे जाण्याचा निश्चय पक्का होतो. भरताने हास्याची उत्पत्ती शृंगारापासून सांगितली, तिचे इतके सरळ उदाहरण आम्हांला क्वचितच आढळले. सोंग प्रेमातून निघाले, हसू सोंगातून. पण गाठ पडते ती येथेच. ईव्हची मैत्रीण सिंथिया ही खऱ्या मॅक्‌टॉडची पत्नी, आणि नवऱ्याने तिला टाकले आहे असे ईव्ह समजून आहे. सरोवरातील नौकेत प्स्मिथ प्रेमाचे बोलू लागतो तेव्हा तिच्या दृष्टीने तो मैत्रिणीचा बेइमान नवरा असतो, आणि ती त्याला पत्नीकडे परत जाण्याचा उपदेश करते. आजवर ज्याला शब्द कधी कमी पडला नाही तो येथे निरुत्तर होतो. घेतलेल्या नावाबरोबर त्या नावाची पापेही पदरात येतात, हे त्याने हिशेबात धरले नव्हते.

कालिदासाचा दुष्यन्तही पहिल्या अंकात आपले राजेपण लपवून आपण राजाने नेमलेला अधिकारी आहोत असे सांगतो. पण त्याच्या बोटातील अंगठीवरचे नाव सख्या वाचतात आणि सोंग अर्ध्या घटकेत गळते. शकुन्तलेचे त्यात काही बिघडत नाही. पुढे जे बिघडते ते शापाने, सोंगाने नव्हे. प्स्मिथचे सोंग मात्र लांबते, आणि उघडे पडते तेव्हा ईव्ह त्याला प्रथम चोरच ठरवते. त्या क्षणी त्याच्याजवळ वाक्चातुर्याखेरीज काहीच उरलेले नसते, आणि चातुर्य कामास येत नाही. तो तिच्या मैत्रिणीच्या नवऱ्याचा, माइकचा, जुना मित्र आहे आणि हाराची खटपट त्याच जोडप्यासाठी चालली होती, एवढे समजल्यावर तिचे मन वळते. भाऊंच्या तोतयाने एका स्त्रीच्या विश्वासाचे भांडवल केले. या तोतयाला तोच विश्वास मिळवण्यासाठी उसने नाव टाकून स्वतःचे सांगावे लागते. आमच्या मित्रांना द्यावयाचे उत्तर आम्हांला येथे मिळाले.

मात्र ते उत्तर पुरे नाही हेही कबूल केले पाहिजे. कारण वाड्यात कूट्सही आहे. तोही मॅक्‌टॉड म्हणून शिरू पाहतो, तोही त्याच हाराच्या मागे. दोघांची भेट होते तेव्हा प्स्मिथ त्याला सहज उडवून लावतो आणि वाचक हसतो. हसून झाल्यावर विचारावे, दोघांच्या कृत्यात अंतर किती? हेतूचे अंतर आहे खरे. परंतु एकाजवळ उत्तम शाळेचे उच्चार, एकपदरी चष्मा आणि क्लबाचे सभासदत्व आहे, दुसऱ्याजवळ पत्ते फिरवणारी बोटे. एकाच्या सोंगाला लेखक विनोद म्हणतो, दुसऱ्याच्या सोंगाला गुन्हा. जॉर्ज ऑर्वेलने १९४५ साली वुडहाउसचा बचाव करताना, हा लेखक एडवर्डच्या काळातील जगातच राहून गेला, असे म्हटले होते. युद्धात जर्मनांच्या कैदेतून सुटल्यावर १९४१ साली बर्लिनवरून त्याने केलेल्या भाषणांचा खुलासा ऑर्वेलला करावयाचा होता. आम्हांला ते म्हणणे या कादंबरीपुरतेही पटते. येथे दारिद्र्य म्हणजे खिशात पैसे नसणे, पोटात अन्न नसणे नव्हे. चिं. वि. जोशी यांनी बडोद्यात राहून चिमणराव उभा केला, त्याची फजिती आपल्याला कशी आतून हसवते पाहा. तो स्वतःच्या तोंडाने स्वतःची शोभा सांगतो, आणि त्या फजितीत महिनाअखेरची ओढाताण असते. वुडहाउसच्या हास्याला ती चव नाही. त्याचे हास्य निर्मळ आहे, पण ते कुंपणाच्या आतले आहे. मुलांच्या हाती पुस्तक देताना हे कुंपण दाखवून द्यावे, पुस्तक मात्र द्यावे, असे आमचे मत झाले आणि तसे आम्ही मित्रांना कळवले. त्यांनी प्रत वाचावयास नेली आहे. अजून परत केलेली नाही.

एक गोष्ट मात्र आमच्या मनात राहिली. ‘माइक’ (१९०९) पासून चार पुस्तकांत वावरलेला प्स्मिथ या कादंबरीच्या शेवटी एम्सवर्थचा चिटणीस होतो, आणि त्यानंतर वुडहाउसने त्याच्यावर पुन्हा कादंबरी लिहिली नाही. लेखक पुढे बावन्न वर्षे जगला, लिहीत राहिला. वाडा मात्र त्याने सोडला नाही. त्या वाड्यात नवे नवे तोतये येत राहिले. १९७५ च्या फेब्रुवारीत तो वारला तेव्हा हातात अपुरी राहिलेली कादंबरीही ब्लँडिंग्जचीच होती, आणि तीतही एक तरुण प्रेमापायी खोट्या नावाने तेथे मुक्कामाला आलेला आहे.